वाचकांचे प्रश्न : मूस कोणती घ्यावी?

प्रश्न : मी इंदूरच्या रामबागेत राहतो. निवृत्तीनंतर परसात अग्निरोधक विटांची एक लहान गॅसभट्टी बांधली आहे. तिच्यासाठी ‘कमाल १७०० अंश सेल्सिअस’ असे छापलेली ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पांढरी मूस, म्हणजे धातू वितळवण्याचे भांडे, मागवली. पितळ वितळवण्यासाठी ती तापलेल्या भट्टीत ठेवली आणि काही मिनिटांतच ती वरपासून खालपर्यंत उभी चिरली. त्या वेळी थर्मोकपलवर (भट्टीचे तापमान मोजणाऱ्या तारेवर) ९५० अंश दिसत होते. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे माल निर्दोष आहे. मला समयांचे आणि घंटांचे लहान सुटे भाग पितळेत ओतायचे आहेत, मातीच्या भांड्यांसाठी झिलईचे नमुने करायचे आहेत आणि नर्मदाकाठची काळी वाळू धुण्याच्या सोड्याबरोबर वितळवून तिच्यात काय काय आहे ते पाहायचे आहे. १७०० अंशांची मूस ९५० अंशांवर कशी फुटते, आणि या तिन्ही कामांना चालेल अशी एकच चांगली मूस कोणती?

उत्तर : विक्रेता बहुधा खरे बोलतो आहे. मुशीवर छापलेला आकडा एवढेच सांगतो की त्या तापमानापर्यंत तिचा पदार्थ मऊ पडणार नाही. तेथवर ती किती वेगाने नेलेली तिला सोसेल आणि तिच्यात काय घातलेले चालेल, यांविषयी तो आकडा काहीही सांगत नाही. आपली मूस या दोहोंपैकी पहिल्या कारणाने गेली. सोड्याचा प्रयोग तिच्यात वारंवार केला असता, तर पुढेमागे ती दुसऱ्या कारणानेही खराब झाली असती.

ॲल्युमिना सुमारे २०७० अंशांवर वितळते, त्यामुळे उष्णतेला ती डरत नाही. मात्र तापल्यावर ती बरीच प्रसरण पावते. तापमान एक अंश वाढले की तिची लांबी दर दहा लाख भागांमागे साधारण आठ भागांनी वाढते. दहा सेंटिमीटर उंचीची मूस ३० अंशांवरून ९३० अंशांवर गेली, तर ती पाऊण मिलिमीटरच्या आसपास लांबते. सगळी मूस एकदम लांबली असती तर काहीच बिघडले नसते. परंतु आपण थंड मूस धगधगत्या भट्टीत ठेवली, तेव्हा ज्या बाजूला ज्वाला लागत होती ती बाजू लांबू लागली आणि आतली व पलीकडची बाजू अजून थंडच होती. हा पदार्थ कडक असून वाकणे त्याला ठाऊक नाही, म्हणून हा ताण चिरेच्याच रूपाने बाहेर पडतो. जाड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की तो तडकतो, त्यातलाच हा प्रकार आहे, आणि तेथल्याप्रमाणेच येथेही भिंत जितकी जाड तितका धोका अधिक असतो. ॲल्युमिनाची मूस थंड भट्टीत ठेवावी, तासाला दीड-दोनशे अंशांपेक्षा वेगाने चढवू नये आणि उतरवतानाही तोच संयम पाळावा. विजेच्या मफल भट्टीत, म्हणजे जिच्यात ज्वाला नसते अशा बंद भट्टीत, हे सहज जमते. गॅसच्या भट्टीत, जेथे बर्नर पेटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत भिंती लाल होतात, ते जवळपास अशक्य आहे. आपल्या भट्टीला ती मूस मुळातच शोभणारी नव्हती.

एकच मूस सर्व कामांना चालेल का, या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण तापमानात नसून रसायनशास्त्रात आहे. आपल्याकडील रसशास्त्राच्या (पारा व धातूंवरील प्रक्रियांच्या विद्येच्या) जुन्या परंपरेत मुशींचे अनेक प्रकार कामागणिक वेगळे सांगितलेले आढळतात आणि जस्त काढण्यासाठी वांग्याच्या आकाराची, लांब नळीची स्वतंत्र मूस सांगितली आहे. जस्त ९०७ अंशांवर उकळून वाफ होऊन निघून जाते, म्हणून ती वाफ नळीतून खाली नेऊन थंड करावी लागते. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे अशा मातीच्या पात्रांतून मोठ्या प्रमाणावर जस्त काढले जात असे. तापमान मोजण्याचे साधन हाताशी नसतानाही या मंडळींनी आधी विचार केला तो आत काय घालायचे आहे याचा. मूस निवडताना आपणही तेथूनच सुरुवात करावी.

आता पितळ. तांबे आणि जस्त यांच्या प्रमाणानुसार ते साधारण ९०० ते ९४० अंशांत वितळते आणि साच्यात नीट भरण्यासाठी हजार अंशांच्या पुढे थोडे न्यावे लागते. या कामासाठी माती व ग्राफाइट यांची काळी मूस घ्यावी, दुसरा विचार करू नये. ग्राफाइट उष्णता झरझर वाहून नेते, त्याचे प्रसरण कमी असते आणि वितळलेले पितळ किंवा तांबे त्याला चिकटत नाही, त्यामुळे ओतल्यावर मूस जवळपास रिकामी होते. उष्णतेचा धक्का ती पांढऱ्या मुशीपेक्षा कितीतरी चांगला सोसते. सिलिकॉन कार्बाइडची मूसही चालते, ती अधिक टिकते आणि महागही असते. ग्राफाइटचे एक वैर मात्र लक्षात ठेवावे लागते, ते हवेशी. पाचशे अंशांच्या पुढे ते हवेतील प्राणवायूने हळूहळू जळू लागते. मुशीच्या अंगावर जी चकचकीत झिलई असते ती हे जळणे थांबवण्यासाठीच असते, आणि ती पुरती वितळून अंगभर पसरल्याशिवाय खरे संरक्षण मिळत नाही. म्हणून नवी मूस मंद लाल अवस्थेत तासन्‌तास रेंगाळत ठेवू नये.

नवी काळी मूस प्रथम वापरण्याची रीत ठरलेली आहे. तिच्यात पावसाळी हवेतील ओल शिरलेली असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इंदुरात ही ओल किती असते ते सांगायला नको. ती रिकामी मूस दीडशे-दोनशे अंशांच्या उबेत काही तास ठेवावी, म्हणजे ओल वाफ होऊन हळूहळू निघून जाईल. मग मात्र न रेंगाळता ती लालभडक होईपर्यंत चढवावी, म्हणजे झिलई वितळून बसेल. त्यानंतरच धातू घालावा. ओल न काढताच थेट आच दिली, तर आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते आणि मुशीच्या अंगाचे पोपडे उडतात.

दुकानात मूस निवडताना ती कडेला धरून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच वाजवावी. चांगली मूस खणखणते, चीर असलेली बद्द वाजते. डोळ्यांना न दिसणारी चीर कानांना कळते. सियागंजात आणि सराफ्यात या मुशी नंबरावर विकल्या जातात. नंबर धातूच्या वजनाशी जोडलेला असतो, पण कोणत्या धातूच्या ते विचारून घ्यावे. पितळेची घनता आठच्या पुढे आणि ॲल्युमिनियमची तीनहून कमी असल्याने ज्या मुशीत तीन किलो पितळ मावते तिच्यात ॲल्युमिनियम जेमतेम किलोभर मावेल. सराफ्यात ‘घरिया’ म्हणून जी चिमुकली मातीची मूस मिळते ती काही तोळे सोने किंवा चांदी फुंकणीच्या ज्वालेखाली वितळवण्यासाठी असते. किलोभर पितळेसाठी ती वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे.

भट्टीत मूस थेट तळावर ठेवू नये. खाली अग्निरोधक विटेचा ठोकळा ठेवून मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. पुठ्ठा जळून त्याची काजळी उरते आणि मूस ठोकळ्याला चिकटत नाही. बर्नरची ज्वाला मुशीच्या अंगावर सरळ न आपटता भिंतीला लागून गोल फिरली पाहिजे, नाहीतर एकाच जागी मूस झिजते. धातूचे तुकडे ठोकून-ठासून भरू नयेत, कारण तापल्यावर धातू मुशीपेक्षा अधिक प्रसरण पावतो आणि अडकलेला तुकडा पाचरीसारखा मुशीला फोडतो. त्याच कारणाने काम संपल्यावर उरलेला धातू मुशीतच थिजू देऊ नये. तो गरम असतानाच कोरड्या लोखंडी साच्यात ओतून टाकावा. मूस उचलण्याची सांडशी पोटाच्या खालच्या भागाला दोन्ही बाजूंनी नीट बसेल अशी करून घ्यावी. काठाला चिमटा लावून उचलण्याची सवय अनेकांना असते. काठ तुटला की हजार अंशांचा धातू पायावर येतो.

पितळ तापत असताना वरून पांढरा धूर निघू लागला, तर ते जस्त उडून चालले आहे असे समजावे. हा धूर श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. म्हणून भट्टी परसात मोकळ्यावरच ठेवावी, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि धातू वितळताच फार चढवत न ठेवता ओतावा. वर कोळशाची भुकटी किंवा फुटक्या काचेचा पातळ थर घातल्यास जस्त उडणे कमी होते. टाकणखार (बोरॅक्स) मात्र सढळ हाताने टाकू नये. तो धातूवरची मळी जशी विरघळवतो तशीच मुशीतली मातीही विरघळवतो, आणि धातूच्या पातळीला मुशीत जी आडवी खाच पडत जाते ती बहुधा त्याचीच करामत असते. जुन्या नळांचे आणि खरादावर उतरवलेल्या भागांचे पितळ घेणार असाल, तर त्यात थोडे शिसे मिसळलेले असते हेही ध्यानात ठेवावे.

झिलईच्या नमुन्यांविषयी माझे मत असे की त्यांना मूस लागतच नाही. भाजलेल्या मातीच्या लहान फरशीवर झिलईचा थर द्यावा, फरशीला थोडा उतार द्यावा आणि तशीच भाजावी. झिलई किती ओघळते, रंग कसा उतरतो, काठाला किती पातळ होते हे सगळे फरशीवरच कळते, कारण अखेर ती बसायची असते मातीवरच. मुशीत वितळवलेली झिलई मुशीतलीच सिलिका आणि ॲल्युमिना थोडी थोडी खाते, म्हणजे आपण जो नमुना तपासतो तो आपण मोजून मिसळलेला राहतच नाही. काचेसारखा गोळा आधी वितळवून दळायचाच असेल, तर अग्निमातीची स्वस्त मूस घ्यावी आणि ती एका-दोन खेपांत जाणार हे धरून चालावे. शिसे असलेली झिलई घरी करू नये.

काळ्या वाळूच्या प्रयोगात खरी मेख आहे. धुण्याचा सोडा ८५१ अंशांवर वितळतो, आणि त्या अवस्थेत तो सिलिकेचा कट्टर शत्रू होतो. चिनी मातीची किंवा सिलिकेची मूस घेतली तर तिच्याच भिंतीतील सिलिका सोड्याशी संयोग पावून सोडियम सिलिकेट होते, कार्बन डायॉक्साइडचे बुडबुडे उठतात, आणि आपण वाळूतील खनिजांचे विघटन पाहत आहोत असे समजतो तेव्हा प्रत्यक्षात मूस विरघळत असते. ॲल्युमिनाही सोड्यापुढे पूर्णपणे टिकत नाही. ती हळूहळू झिजते आणि तिचे ॲल्युमिनियम नमुन्यात उतरते. रसायनशाळेत या कामाला प्लॅटिनमची मूस वापरतात. प्लॅटिनम १७६८ अंशांपर्यंत वितळत नाही आणि सोडा त्याला धक्का लावत नाही. परंतु शिसे, फॉस्फरस किंवा धुरकट ज्वालेतला कार्बन लागला की ते ठिसूळ होते, आणि त्याची किंमत पाहता घरच्या परसात ते आणण्याचे काही कारण नाही. निकेलची किंवा लोखंडाची मूस स्वस्त पडते, पण लोखंडाच्या मुशीतून लोह उतरते. नर्मदेची काळी वाळू ही मुख्यतः आपल्या माळव्यातल्या काळ्या दगडाच्या झिजेतून आलेली मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट ही लोहयुक्त खनिजे असतात. ज्यात लोह किती हेच पाहायचे ते लोखंडाच्या मुशीत वितळवले, तर उत्तराला काही अर्थ राहत नाही.

तेव्हा एक साधा नियम ध्यानात धरावा. वितळवायचे मिश्रण आम्लधर्मी असेल तर सिलिकेची मूस आणि अल्कधर्मी असेल तर निकेलसारख्या धातूची. इल्मेनाइटसारख्या टायटॅनियमयुक्त खनिजासाठी पोटॅशियम पायरोसल्फेट या रसायनाबरोबर मंद लाल आचेवर वितळवण्याची पद्धत आहे. ती आम्लधर्मी असल्याने सिलिकेच्या मुशीत करता येते. मात्र त्यातून गंधकाचे झोंबणारे धूर निघतात, आणि धूर ओढून नेणारे कपाट नसलेल्या ठिकाणी ती करू नये. वाळूचे पृथक्करणच हवे असेल, तर एखाद्या महाविद्यालयाच्या रसायन विभागाशी बोलावे असे सुचवतो. आधी साध्या चुंबकाने वाळूतील मॅग्नेटाइट वेगळे करून पाहा. त्याला मूस लागत नाही आणि बरेच काही कळते.

प्रश्न : मी बारावीत शिकतो, सुदामानगरमध्ये राहतो. शीतपेयांचे ॲल्युमिनियमचे डबे वितळवून त्यांच्या लगडी करतो. मूस म्हणून स्टीलचा मोठा पेला वापरतो. चार-पाच वेळा काम झाल्यावर पेल्याच्या बुडाला भोक पडले आणि सगळा धातू भट्टीच्या राखेत गेला. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते आणि स्टील १४०० च्या वर, मग भोक का पडले?

उत्तर : पोलाद वितळले नाही, ते विरघळले. मीठ ८०१ अंशांवर वितळते, तरी साध्या पाण्यात ते विरघळते, हे तुम्ही जाणता. वितळलेले ॲल्युमिनियम लोहाला तसेच आपल्यात सामावून घेते आणि दोहोंची ठिसूळ संयुगे होतात. तापमान जितके चढवाल आणि धातू जितका वेळ मुशीत ठेवाल तितके हे वेगाने होते. शिवाय बाहेरच्या बाजूने ज्वालेमुळे पोलादावर खपल्या धरतात आणि गळून पडतात. पेला आधीच पातळ पत्र्याचा, तो दोन्ही बाजूंनी खंगत गेला. ओतलेल्या लगडीही लोहामुळे ठिसूळ झाल्या असतील. एखादी हातोडीने मोडून पाहा.

जाड लोखंडी नळीच्या तुकड्याला बूड वेल्ड करून काही मंडळी तो ॲल्युमिनियमसाठी वापरतात, आणि आतून चिकणमातीचा किंवा चुन्याचा पातळ लेप देऊन तो पुरता वाळवला तर अशी मूस काही काळ टिकते. पण लेप कोठे उडाला आहे हे प्रत्येक खेपेला पाहावे लागते, आणि भोक बुडाला पडते तेव्हा आधी सूचना देत नाही. माती-ग्राफाइटची लहान मूस घेणे हेच बरे. तिची किंमत एकदा गळून गेलेल्या धातूपेक्षा आणि भाजलेल्या पायापेक्षा कमीच आहे.

डब्यांविषयीही सांगतो. त्यांचा पत्रा फार पातळ, त्यामुळे वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असतो, आणि पृष्ठभागावरचा ऑक्साइड व रंग यांची मळीच अधिक निघते. भंगारवाल्याकडचा जुना पिस्टन किंवा जाड भांडे घेतले तर तेवढ्याच गॅसवर कितीतरी अधिक धातू मिळेल. डबेच वापरायचे असतील तर ते चेपून, आत एकही थेंब पाणी नाही याची खात्री करून, भट्टीच्या कडेला तापवून मगच घालावेत. वितळलेल्या धातूखाली सापडलेले पाणी क्षणात वाफ होते आणि त्याचे आकारमान सतराशे पटींच्या आसपास वाढते, तेव्हा धातू मुशीतून वर उडतो. याच कारणाने सिमेंटच्या ओट्यावर किंवा फरशीवर धातू ओतण्याचे काम करू नये. कोरड्या दिसणाऱ्या सिमेंटमध्येही पाणी असते, आणि त्यावर धातू सांडला की सिमेंटचे टवके फुटून उडतात. ओतण्याच्या जागेखाली चार बोटे जाडीचा कोरड्या वाळूचा थर पसरावा.

आणखी एक गोष्ट पालकांना वाचून दाखवावी. ॲल्युमिनियम वितळले तरी दिवसाच्या उजेडात ते लाल दिसत नाही, चांदीसारखे पांढरेच दिसते, त्यामुळे ते थंड आहे असा घरच्यांचा समज होऊ शकतो. चामड्याचे बंद बूट, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडावर पारदर्शक ढाल यांच्याशिवाय मुशीजवळ जाऊ नये, आणि शेजारी मोठे माणूस असावेच. तुमची भट्टी कशावर चालते ते पत्रात नाही. गॅसवर असेल, तर स्वयंपाकाचे घरगुती सिलिंडर या कामाला लावणे नियमात बसत नाही, हेही पाहावे.

प्रश्न : मी लोकमान्यनगरात घरी चांदीचे दागिने घडवते. सिलिकेच्या पांढऱ्या मुशीत चांदी वितळवते. पहिल्या काही महिन्यांत मूस काचेसारखी होती, आता तिच्यावर पांढुरके डाग धरून तिची साल निघते. मूस निकृष्ट निघाली का? आणि याच मुशीत तांब्याचा मिश्रधातू वितळवला तर चालेल का?

उत्तर : आपण वर्णन केलेली अवस्था सिलिकेच्या मुशीला वापराने येतेच, तेवढ्यावरून माल निकृष्ट ठरत नाही. या मुशीचा गुण असा की तिचे प्रसरण ॲल्युमिनाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढेच असते. वरच्या उत्तरातले गणित पुन्हा केले, तर दहा सेंटिमीटरची सिलिका नऊशे अंश तापूनही एका मिलिमीटरचा विसावा हिस्सा एवढीच लांबते. म्हणून ती थंडीतून सरळ ज्वालेत गेली तरी फुटत नाही आणि फुंकणीच्या कामाला ती उत्तम ठरते. तिचा दोष वेगळा आहे. ती काचेच्या, म्हणजे अव्यवस्थित रचनेच्या सिलिकेची बनलेली असते, आणि हजार अंशांच्या वर वारंवार राहिली की तिच्या पृष्ठभागावर क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक तयार होऊ लागतात. तेच ते पांढुरके डाग. गरम असताना ते निमूट बसतात. थंड होताना, दोनशे ते पावणेतीनशे अंशांच्या दरम्यान, त्यांची रचना बदलून ते आक्रसतात आणि खालच्या काचेपासून सुटतात. म्हणून साल निघते.

हे स्फटिकीकरण क्षारांनी फार लवकर सुरू होते, आणि क्षार येतात टाकणखारातून आणि आपल्याच हातांतून. घामाच्या बोटाचा ठसा भट्टीतून बाहेर येताना पांढऱ्या ठशाच्या रूपात मुशीवर कायमचा उमटलेला दिसू शकतो. मुशीला आतून टाकणखाराचा एकदाच पातळ मुलामा द्यावा, त्यापुढे दर खेपेला चिमूटभराहून अधिक घालू नये, वापरण्याआधी मूस स्पिरिटने पुसावी आणि त्यानंतर ती चिमट्याने किंवा स्वच्छ हातमोज्याने हाताळावी. चांदी ९६२ अंशांवर वितळते, तेव्हा हजार-साडेदहाशेच्या पलीकडे तिला नेण्याचे कारण नसते. जेवढी आच जास्त तेवढे मुशीचे आयुष्य कमी. सालीचे कण आता चांदीत पडू लागले असतील, तर ही मूस बाजूला ठेवावी.

तांब्यासाठी मात्र स्वतंत्र मूस ठेवावी. १०८५ अंशांवर वितळणाऱ्या तांब्यासाठी सिलिकेची मूस तिच्या सोयीच्या मर्यादेबाहेर जाते, आणि तांब्याचा ऑक्साइड मुशीच्या काचेत विरघळून तिला हिरवट-लाल रंग देतो, तो पुढच्या चांदीत उतरतो. शिसे किंवा कथील असलेले झाळणाचे तुकडे किंवा मोडीतले दागिने ज्या मुशीत वितळवले, तिच्यात सोन्याला कधीही हात घालू नये. अत्यल्प शिसेसुद्धा सोन्याला ठिसूळ करते. म्हणूनच आमच्या सराफ्यातल्या जुन्या कारागिरांच्या ओट्यावर सोन्याची, चांदीची आणि मोडीची मूस वेगवेगळ्या कोनाड्यांत दिसते. संध्याकाळनंतर त्याच ओट्यांसमोर कचोरी आणि भुट्ट्याचा कीस यांची गर्दी सुरू होते, पण कोनाड्यांची शिस्त ढळत नाही.

प्रश्न : बाजारात मिळणारी मातीची पणती किंवा लहान कुंडी मूस म्हणून वापरता येईल का? — एक वाचक, इंदूर.

उत्तर : कथील २३२ अंशांवर आणि शिसे ३२७ अंशांवर वितळते. तेवढ्यासाठी मातीची भाजलेली पणती फुटणार नाही असे वाटते खरे, पण या पणत्या सच्छिद्र असतात, ओल धरतात आणि तापताना तडकतात, म्हणून तेथेही जाड लोखंडी कढईच घ्यावी. त्यापुढच्या धातूंसाठी पणती वा कुंडी अजिबात चालणार नाही. साधी माती कमी आचेवर भाजलेली असते आणि तिच्यात लोह व चुना असतो, त्यामुळे पितळेच्या तापमानाला ती मऊ पडू लागते. अग्निमाती, जुन्या फुटक्या मुशीचा दळलेला चुरा आणि थोडा भाताच्या तुसाचा कोळसा मिसळून हाताने मूस घडवता येते आणि जुने कारागीर तशी घडवत आले आहेत. मात्र ती सावलीत अनेक दिवस वाळवावी लागते, प्रथम रिकामीच भाजावी लागते, आणि पहिल्या खेपेला तिच्यात धातू न घालता नुसता थोडासा टाकणखार वितळवून ती गळते का ते पाहावे.